काडतुसे भरणाऱ्यांसाठीची छापील नोंदवही : हंगामभराच्या वापरानंतर

रायफलीची काडतुसे स्वतः भरणाऱ्यांसाठी खास आखलेल्या छापील नोंदवह्या आता सहज मिळतात. त्यांपैकी शिवलेल्या बांधणीची, डाव्या पानावर भरणीचा तपशील आणि उजव्या पानावर गोळीबाराचा तपशील अशा मांडणीची एक वही मी हंगामभर वापरली. हे परीक्षण त्या वहीचे आहे. अशा वहीला लावायची कसोटी माझ्या मते एकच आहे. वर्षभरानंतर, स्मरणशक्तीची कोणतीही मदत न घेता, केवळ त्या पानावरून तेच काडतूस जसेच्या तसे पुन्हा भरता आले पाहिजे. आणि ते भरायचे नाही असे ठरले असेल, तर त्याचे कारणही त्याच पानावर सापडले पाहिजे. या कसोटीला ही वही बऱ्याच अंशी उतरते. जिथे उतरत नाही तिथे दोष बहुधा एकाच प्रकारचा आहे. वही निष्कर्षाला जागा देते, पण तो ज्या मोजमापांवरून निघाला त्या मोजमापांना देत नाही.

काडतुसाचे घटक मोजके असतात : पितळी पुंगळी, प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी), पावडर आणि गोळी. मात्र प्रत्येक घटकाची कंपनी, प्रकार, लॉट (एका वेळी तयार झालेल्या मालाचा गट), माप आणि त्याच्यावर झालेली प्रक्रिया धरली, तर एका लोडचे, म्हणजे या घटकांच्या एका ठरावीक जुळणीचे, वर्णन करायला वीसपंचवीस बाबी सहज लागतात. लोड ठरवण्याची सर्वमान्य रीत अशी, की प्रसिद्ध झालेल्या लोडपुस्तकातील सुरुवातीच्या वजनापासून आरंभ करावा, लहान पायऱ्यांनी वर जावे, प्रत्येक पायरीवर जादा दाबाची चिन्हे तपासावीत आणि अचूकता व वेग यांचा मेळ बसेल तिथे थांबावे. या प्रवासात एका वेळी एकच गोष्ट बदलली आहे याची खात्री फक्त नोंद देऊ शकते. नोंद अपुरी असेल तर चांगला निकाल पुन्हा मिळवता येत नाही एवढेच नुकसान होत नाही. धोकादायक ठरलेली पायरी पुढच्या वर्षी निर्धास्तपणे पुन्हा भरली जाण्याची शक्यताही उरते. म्हणून या वहीच्या प्रत्येक रकान्याकडे मी सुरक्षिततेच्या साधनाकडे पाहावे तसे पाहिले आहे.

वहीची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तिने भरणी आणि गोळीबार या दोन घटना वेगळ्या ठेवल्या आहेत. अनेक घरगुती तक्त्यांत एका ओळीत पावडरचे वजन, वेग आणि ग्रुपचा (लक्ष्यावर पडलेल्या छिद्रांच्या झुबक्याचा) आकार असे सगळे एकत्र लिहिलेले असते. पण एकदा भरलेली पन्नास काडतुसे तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हवामानात, कदाचित दोन वेगळ्या रायफलींतून झाडली जातात, आणि तेव्हा एका ओळीचा तक्ता कोलमडतो. इथे डाव्या पानावर भरणीचा क्रमांक छापलेला आहे; उजव्या पानावर तो क्रमांक लिहून त्या दिवशीच्या गोळीबाराची नोंद करायची, आणि तीच भरणी पुन्हा वापरली तर पुढच्या कोणत्याही मोकळ्या उजव्या पानावर तोच क्रमांक टाकायचा. वहीच्या शेवटी एक अनुक्रमणिका आहे, जिच्यात प्रत्येक भरणी कोणकोणत्या पानांवर झाडली गेली ते लिहिता येते. ती मांडणी ज्याने कोणी केली त्याने हे काम स्वतः केलेले असणार.

याच क्रमांकाचे चिकटपट्टीचे लेबलही वहीबरोबर येतात. काडतुसांच्या डब्यावर लावायच्या या लेबलवर भरणीचा क्रमांक, तारीख, रायफल आणि पावडरचे नाव व वजन एवढेच लिहायला जागा आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. डब्यावर सगळे लिहिण्याचा हट्ट धरला की अक्षर बारीक होते आणि तेलकट बोटांनी पुसले जाते. क्रमांक शाबूत असला की बाकीचे सगळे वहीत सापडते. ज्या काडतुसांवर क्रमांकच नाही, ती कितीही ओळखीची वाटली तरी झाडू नयेत, सुटी करून टाकावीत, हा नियम वहीच्या सूचनांत ठळक छापला आहे, आणि तो तिथे असायलाच हवा होता.

आता डाव्या पानाच्या पहिल्याच त्रुटीकडे येतो. पावडरच्या नावासाठी दिलेला रकाना इतका अरुंद आहे, की त्यात पूर्ण नाव मावत नाही आणि लिहिणारा माणूस आपोआप फक्त आकडा लिहून मोकळा होतो. ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांना यातला धोका लगेच कळेल. ‘४३५०’ एवढेच लिहिले तर ती आयएमआर ४३५० आहे, हॉजडनची एच ४३५० आहे, की अ‍ॅक्युरेटची ४३५० आहे हे सांगता येत नाही, आणि या तिन्ही वेगळ्या पावडरी आहेत. ४८३१ आणि ४८९५ या आकड्यांचेही तसेच : आयएमआर आणि एच या दोन्ही मालिकांत ते आकडे आहेत, पण त्यांचा जळण्याचा वेग सारखा नाही. आयएमआर ४८३१ ही एच ४८३१ पेक्षा जलद जळते, त्यामुळे एच ४८३१ साठी छापलेले कमाल वजन आयएमआर ४८३१ साठी वापरणे म्हणजे चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीतला) दाब मर्यादेबाहेर नेणे होय. नोंदवहीच्या आखणीत सर्वांत मोठा रकाना कोणाला द्यावा असे मला विचारले, तर मी पावडरचे संपूर्ण नाव आणि लॉट क्रमांक यांना देईन. या वहीत लॉट क्रमांकाला स्वतंत्र जागा आहे हे चांगले. एकाच नावाच्या पावडरीतही लॉटनुसार जळण्याच्या वेगात थोडा फरक पडतो, आणि नवा डबा उघडला की वजन खाली आणून पुन्हा वर चढणे शहाणपणाचे असते. नाव मात्र मी रकान्याबाहेर समासात लिहितो आणि त्याखाली रेघ ओढतो.

त्याखालचा रकाना ‘संदर्भ’ असा आहे. बऱ्याच वह्यांत तो नसतोच, म्हणून त्याचे विशेष कौतुक. पण त्यात काय लिहायचे हे वही सांगत नाही. ‘पुस्तकातील कमाल वजनापेक्षा कमी’ असे लिहिणे निरर्थक आहे, कारण पुस्तके एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यांनी जुळावे अशी अपेक्षाही नाही. प्रत्येक पुस्तकाची चाचणी वेगळ्या नळीतून, वेगळ्या पुंगळीत, वेगळ्या गोळीने आणि वेगळ्या प्रायमरने झालेली असते. शिवाय दाबाची मर्यादा ठरवणाऱ्या प्रमुख संस्थाही दोन आहेत. अमेरिकेतील सामी ही संस्था १९२६ मध्ये स्थापन झाली, तर युरोपातील सीआयपी १९१४ मध्ये, आणि दोघींच्या मोजण्याच्या पद्धतीत फरक आहे. ३०-०६ स्प्रिंगफील्ड या काडतुसासाठी सामीची मर्यादा ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, तर सीआयपीची ४,०५० बार. हे दोन आकडे थेट एकमेकांत रूपांतरित करून तुलना करणेही बरोबर नाही, कारण दाब मोजणारे यंत्र चेंबरच्या वेगवेगळ्या जागी बसवलेले असते. म्हणून संदर्भाच्या रकान्यात पुस्तकाचे नाव, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ, त्यातील सुरुवातीचे व कमाल वजन आणि चाचणीच्या नळीची लांबी एवढे लिहावे. ती नळी आपल्या नळीपेक्षा किती लांब किंवा आखूड आहे हे कळले, तरच पुढे मिळालेला वेग अपेक्षेप्रमाणे आहे की संशयास्पदरीत्या जास्त आहे हे ठरवता येते.

वजनाच्या बाबतीत वही ०.१ ग्रेनपर्यंतचा आकडा मागते. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम, त्यामुळे ०.१ ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम झाले. इतक्या बारीक मापात काट्याची स्वतःची स्थिती महत्त्वाची ठरते. इलेक्ट्रॉनिक काटा गरम होताना सरकतो, पंख्याच्या वाऱ्याने हलतो, कधी कधी शेजारच्या विद्युत उपकरणानेही बिचकतो. तपासणीचे प्रमाणित वजन भरणीच्या आधी आणि नंतर ठेवून दोन्ही वाचने लिहिली, तर त्या दिवशीच्या सगळ्या वजनांवर विश्वास ठेवायचा की नाही हे कायमचे ठरून जाते. यासाठी वहीत रकाना नाही. एवढ्या विचारपूर्वक आखलेल्या पानावर ही उणीव मला खटकली, कारण इथेही वही ‘वजन’ हा निकाल विचारते आणि तो निकाल देणाऱ्या काट्याविषयी काहीच विचारत नाही.

गोळी किती खोल बसवली याची नोंद हा या परीक्षणातला सर्वांत तपशीलवार भाग होणार आहे, कारण वहीची चूक इथे सर्वांत स्पष्ट दिसते. पानावर दोन रकाने आहेत : काडतुसाची एकूण लांबी आणि ‘जंप’, म्हणजे गोळीपासून नळीतील रायफलिंगच्या (आतील पिळदार खाचांच्या) सुरुवातीपर्यंतचे अंतर. एकूण लांबी मॅगझिनमध्ये काडतूस मावते की नाही हे पाहायला उपयोगी आहे, पण गोळ्यांची टोके सारखी नसतात, त्यामुळे एकाच डब्यातील दोन गोळ्यांनी भरलेल्या काडतुसांची एकूण लांबी वेगळी येऊ शकते आणि तरीही रायफलिंगपासूनचे अंतर तेच असू शकते. म्हणून अचूक काम करणारे लोक काडतुसाच्या तळापासून गोळीच्या ओजाइव्हपर्यंतची (टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या भागापर्यंतची) लांबी कॅलिपरला कंपॅरेटर, म्हणजे गोळीला ठरावीक व्यासावर धरणारे साधन, लावून मोजतात. या मापाला वहीत स्वतंत्र जागा नाही; ते वजा करून निघणारी जंप तेवढी विचारली आहे.

जंप हा काढलेला आकडा आहे. तो काढण्यासाठी गोळी रायफलिंगला टेकते ती लांबी आधी मोजावी लागते, आणि ती लांबी स्थिर राहत नाही. गरम वायूंनी नळीचा घसा झिजतो आणि रायफलिंगची सुरुवात हळूहळू पुढे सरकते. समजा, हंगामाच्या सुरुवातीला जंप ०.०२० इंच लिहिली आहे आणि काही शे गोळ्यांनंतर तोच आकडा वाचून पुन्हा काडतुसे भरली. आता ०.०२० इंच जंप ठेवायची म्हणजे गोळी पूर्वीपेक्षा बाहेर ठेवणे, की तळापासूनची जुनीच लांबी ठेवून वाढलेली जंप स्वीकारणे? पानावर फक्त जंप असेल तर याचे उत्तर पानावरून मिळत नाही. तळापासून ओजाइव्हपर्यंतची प्रत्यक्ष लांबी लिहिलेली असेल, आणि त्याच्या शेजारी टेकण्याची लांबी, ती मोजल्याची तारीख आणि तोपर्यंत नळीतून गेलेल्या गोळ्यांची संख्या असेल, तर दोन्ही पर्याय खुले राहतात. आणखी एक बारकावा असा, की कंपॅरेटरचे आकडे त्याच कंपॅरेटरशी बांधलेले असतात. दोन कंपन्यांचे इन्सर्टच (कंपॅरेटरमधील गोळीवर टेकणारे छिद्राचे भाग) काय, एकाच कंपनीचे दोन इन्सर्टही गोळीला किंचित वेगळ्या व्यासावर धरतात, त्यामुळे मित्राने सांगितलेले माप आपल्या वहीत जसेच्या तसे उतरवता येत नाही. मी कॅलिपरच्या डबीवर आणि वहीच्या पहिल्या पानावर इन्सर्टची एकच खूण केली आहे, आणि ‘जंप’ हा शब्द प्रत्येक पानावर खोडून तिथे तळापासूनची लांबी लिहितो. छापील वहीत रोज एक शब्द खोडावा लागणे ही आखणीतील चूकच म्हटली पाहिजे.

पुंगळ्यांची पाने मात्र उत्कृष्ट आहेत. वहीच्या शेवटच्या भागात प्रत्येक बॅचसाठी एक पूर्ण पान दिले आहे, आणि त्यावर कंपनी, लॉट, पुंगळ्यांची संख्या, प्रत्येक वेळच्या भरणीचा क्रमांक, ट्रिम केलेली लांबी, खांदा (पुंगळी मानेकडे निमुळती होते तो भाग) किती मागे ढकलला, मान तापवून मऊ केली की नाही, आणि किती पुंगळ्या बाद केल्या व का, असे सगळे रकाने आहेत. बोल्ट रायफलीत खांदा साधारण ०.००१ ते ०.००२ इंच मागे ढकलणे पुरेसे होते. त्याहून जास्त ढकलत राहिले तर पुंगळी दर वेळी ताणली जाते आणि तळाच्या जरा वर आतून पातळ होत जाते. पुढे तिथेच ती तुटते. आतून फिरवलेल्या वाकड्या तारेच्या टोकाला ती खाच जाणवते, आणि वहीत त्या तपासणीसाठीही एक छोटा चौकोन आहे. एका बॅचमध्ये प्रायमरची जागा सैल झालेल्या पुंगळ्या कोणत्या भरणीनंतर दिसू लागल्या हे या पानावर एका नजरेत कळते, आणि त्यावरून ती भरणी गरम, म्हणजे जादा दाबाची, होती का हा प्रश्न योग्य वेळी विचारता येतो. दाबाविषयीची इतकी प्रामाणिक साक्ष प्रायमरच्या चेहऱ्यावरून क्वचितच मिळते.

त्याच्या तुलनेत दाबाच्या चिन्हांचा मुख्य रकाना फारच कच्चा आहे. ‘दाबाची चिन्हे : आहेत / नाहीत’ असा तो छापला आहे. चपटा झालेला प्रायमर, फायरिंग पिनभोवती उठलेली कड, पुंगळीच्या तळावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकाकता ठसा, बोल्ट उचलताना लागणारा जोर, या सगळ्यांचे वजन सारखे नाही. काही प्रायमर मऊ धातूचे असतात आणि साध्या दाबालाही चपटे होतात. इजेक्टरचा ठसा आणि जड बोल्ट मात्र गंभीरपणे घ्यावे लागतात. ‘आहेत’ या शब्दाखाली खूण केली तर पुढच्या वर्षी ती कशाची होती ते कळणार नाही, आणि ‘नाहीत’ याखाली खूण केली तर नेमके काय तपासले होते ते कळणार नाही. इथे कोरी ओळ दिली असती तरी चालले असते. कितव्या गोळीला, कोणत्या वजनाला, काय दिसले, एवढे तीन शब्द लिहिण्याची सवय लागणे फार मोलाचे आहे.

उजव्या पानाकडे वळलो की पहिल्यांदा समाधान वाटते. झाडलेल्या प्रत्येक गोळीला क्रमानुसार ओळ दिली आहे, आणि त्या ओळीत वेगाबरोबरच ‘अंदाज’ असा एक रकाना आहे. घोडा सुटताना निशाण हलले असे वाटले, तर दुर्बिणीतून छिद्र पाहण्याआधीच तिथे खूण करायची. लांब पडलेली गोळी पाहून झाल्यावर ‘ही माझीच चूक होती’ असे म्हणणे फार सोपे असते, आणि असे म्हणत म्हणत अर्धा ग्रुप पुसला जातो. आधी लिहिलेल्या अंदाजाला मात्र किंमत असते. गोळ्यांचा क्रम लिहिला जातो याचाही मोठा उपयोग आहे. फेरीफेरीने झाडण्याच्या पद्धतीत वेगवेगळी वजने आलटून पालटून झाडली जातात, जेणेकरून नळी तापण्याचा आणि घाण साचण्याचा परिणाम सगळ्या वजनांवर सारखा वाटला जावा. क्रम नोंदला नसेल तर तो परिणाम नंतर वेगळा काढता येत नाही.

पण पानाच्या खालच्या अर्ध्या भागात पाच लहान लक्ष्ये छापली आहेत, प्रत्येकी तीन गोळ्यांच्या हिशोबाने, आणि शेजारी ‘सर्वोत्तम ग्रुप’ असा चौकोन आहे. हा चौकोन या वहीतला सर्वांत दिशाभूल करणारा भाग आहे. ग्रुपचा आकार म्हणून आपण सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर मोजतो, आणि ते अंतर गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढतच जाते. रायफल, लोड आणि नेमबाज यांच्यात काहीही बदल न होता दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या सरासरी दीडपटीहून थोडा अधिक मोठा येतो. म्हणजे तीन गोळ्यांचे पाच ग्रुप काढून त्यांतला सर्वांत लहान लिहिणे ही लोडची क्षमता मोजण्याची पद्धत नव्हे. ती नशिबाची निवड झाली. त्याऐवजी एकाच लोडच्या सगळ्या गोळ्या, त्या कितीही वेळा झाडल्या असोत, निशाणाच्या बिंदूपासून आडव्या व उभ्या अंतरांसह लिहाव्यात आणि त्या एका जाळीवर एकत्र मांडाव्यात. त्यांच्या मध्यबिंदूपासून प्रत्येक छिद्राचे अंतर काढून त्याची सरासरी घेतली, तर प्रत्येक गोळीची माहिती कामी येते. पाच लहान लक्ष्यांच्या जागी एक मोठी जाळी हवी होती, आणि जाळीच्या एका चौकोनाचे प्रत्यक्ष माप लिहायला एक ओळ. १०० मीटरवर एक एमओए (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर, १०० यार्डांवर १.०४७ इंच; अंतर आणि एकक लिहिले नाही तर ‘०.८’ हा आकडा कशाचा आहे ते नंतर कोणी सांगू शकत नाही.

वेगाच्या आकड्यांचेही असेच झाले आहे. पान सरासरी, कमाल-किमान फरक आणि प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती पसरले याचे माप) मागते, पण किती गोळ्यांवरून हे काढले याचा रकाना नाही. पाच गोळ्यांवरून प्रमाण विचलन सेकंदाला १० फूट आले, तर खरे मूल्य सेकंदाला ६ फुटांपासून जवळजवळ २९ फुटांपर्यंत कुठेही असू शकते. ९५ टक्के खात्रीची मर्यादा इतकी रुंद आहे. दहा गोळ्यांना ती सुमारे ७ ते १८ वर येते आणि वीस गोळ्यांना साधारण साडेसात ते साडेचौदा. दोन लोडांची तुलना करून ‘याचे विचलन ७ आणि त्याचे ११, म्हणून हा चांगला’ असा निर्णय पाच-पाच गोळ्यांवर घेणे म्हणूनच टिकत नाही. प्रत्येक गोळीचा वेग स्वतंत्र ओळीत लिहिलेला असल्याने ही उणीव नंतर भरून काढता येते, हे मी वहीच्या बाजूने नोंदवतो. अनेक दिवसांच्या गोळ्या एकत्र करून हिशेब पुन्हा करता येतो, फक्त आकडे कच्चे असले पाहिजेत. वेगमापक कोणता हेही लिहावे. नळीला बांधायचा वेगमापक नळीचे कंपन बदलतो आणि त्यामुळे गोळी लागण्याची जागा बदलू शकते, तर प्रकाशावर चालणारा वेगमापक नळीच्या तोंडापासून काही फूट पुढचा वेग दाखवतो.

हवामानाच्या चौकटीत तापमान, दाब, आर्द्रता आणि वारा आहेत. दाबाच्या बाबतीत वहीने विचारायला हवे होते की तो स्थानिक आहे की समुद्रसपाटीला आणून सांगितलेला. हवामानाच्या बातमीत बहुधा दुसरा असतो. समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवर प्रमाण वातावरणात प्रत्यक्ष दाब सुमारे ९४३ हेक्टोपास्कल असतो, आणि बातमीत मात्र १०१३ च्या आसपासचा आकडा येतो. बॅलिस्टिक गणनेत चुकीचा आकडा घातला की हवा सात टक्के दाट धरली जाते आणि लांब पल्ल्यावर गोळी अपेक्षेहून वर लागते. मग त्या फरकाचा दोष लोडला दिला जातो. काडतुसांच्या तापमानाचा रकानाही हवा होता. हवा थंड असतानाही उन्हात ठेवलेला डबा चांगलाच तापतो, आणि तापलेली पावडर जास्त दाब व वेग देते. हिवाळ्यात कमाल वजनाजवळ ठरवलेला लोड कडक उन्हाळ्यात तसाच सुरक्षित राहील असे गृहीत धरता येत नाही, त्यामुळे हा आकडा केवळ अचूकतेपुरता नाही.

कागद जाड आहे, शिसपेन्सिल त्यावर नीट उमटते आणि घामाने फिसकटत नाही. जेल पेनची शाई बाकावरच्या सॉल्व्हंटचा एक थेंब पडला तरी पसरते, म्हणून चांदमारीवर पेन्सिल आणि बाकावर बॉलपेन हे मला सोयीचे वाटते. पानांना छापील क्रमांक आहेत आणि बांधणी शिवलेली आहे, त्यामुळे पान फाडले तर लक्षात येते. चुकलेला आकडा एका रेघेने खोडायचा, खालचा वाचता येईल असा, आणि शेजारी तारीख घालायची, ही प्रयोगशाळेची शिस्त अशा बांधणीत आपोआप अंगवळणी पडते. वही उघडी सपाट राहत नाही. वाऱ्यात ती दगड ठेवून धरावी लागते.

संगणकातील तक्ता असताना वही कशाला, असे विचारणारे बरेच असतील. हिशेबासाठी तक्ता निर्विवाद श्रेष्ठ आहे, आणि मीही आकडे नंतर त्यात भरतो. पण मूळ नोंद तक्त्यात ठेवू नये असे माझे ठाम मत आहे. चौकोन खाली ओढताना आकडे आपोआप एकेकाने वाढतात. एकच स्तंभ निवडून क्रम लावला तर वजने एकीकडे आणि वेग दुसरीकडे जातात, आणि यातली कोणतीही गोष्ट डोळ्यांना दिसेल अशी खूण मागे ठेवत नाही. पावडरच्या वजनाच्या बाबतीत अशी न दिसणारी चूक परवडणारी नाही. वेगमापकाच्या अ‍ॅपमधून निघणाऱ्या फाइलला मी वहीतल्या पानाचा क्रमांकच नाव म्हणून देतो, आणि प्रत्येक पान भरले की त्याचे छायाचित्र काढून ठेवतो, कारण वहीची प्रत एकच असते.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे, ज्यांच्याकडे एक-दोन रायफली आहेत आणि जिथे स्वतः काडतुसे भरण्यास कायद्याची परवानगी आहे, त्यांनी ही वही जरूर घ्यावी. कोऱ्या वहीपेक्षा ती बरेच काही विचारते आणि विचारल्यामुळेच लिहिले जाते. प्रत्येक रायफलीसाठी वेगळी प्रत ठेवावी, कारण एका रायफलीत शांत असलेला लोड दुसऱ्या चेंबरमध्ये दाबाची चिन्हे दाखवू शकतो, आणि दोन रायफलींची पाने एकाच वहीत मिसळली की ती सरमिसळ काडतुसांच्या डब्यापर्यंत पोहोचते. अनुभवी लोकांना पुंगळ्यांची पाने आणि भरणीचे क्रमांक एवढेच हवेसे वाटतील. त्यांनी ही मांडणी समोर ठेवून सुटी पाने स्वतः आखून घेतली तरी चालेल. वही घेणाऱ्यांनी पहिल्या पानावर काटा, कॅलिपर, कंपॅरेटर इन्सर्ट आणि वेगमापक यांची नोंद करावी, ‘सर्वोत्तम ग्रुप’च्या चौकोनात झाडलेल्या गोळ्यांची एकूण संख्या लिहावी, आणि पावडरचे नाव समासात पूर्ण लिहावे.